मिश्रणाच्या प्रयोगात उत्तर दरवर्षी चुकतंय, कधी जास्त कधी कमी: उष्णता नेमकी कुठं गळते ते कसं शोधायचं

दरवर्षी हाच घोळ होतो, दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी एकदाच सगळं बैजवार लिहून काढते. मी सोलापुरात विज्ञान शिकवते, साधी शाळा, आठवी ते दहावीला मिळून एकच लॅब. दहावीला उष्णतेचा धडा आहे, त्यातलं उष्णता विनिमयाचं तत्त्व प्रयोगानं दाखवायचं म्हणजे पितळेचा ठोकळा उकळत्या पाण्यात तापवायचा, पटकन उचलून कॅलरीमीटरमधल्या, म्हणजे उष्णता मोजायच्या तांब्याच्या भांड्यातल्या, थंड पाण्यात टाकायचा, ढवळायचं, दोघांचं तापमान एक झालं की थर्मामीटर वाचायचा आणि त्यावरून पितळेची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पितळ एक अंशानं तापवायला किती उष्णता लागते ते, काढायची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोघांचाही आकडा ०.०९ च्या आसपास, त्यामुळं पितळेचा पण साधारण ०.०९ यायला पाहिजे, कॅलरी दर ग्रॅम दर अंश सेल्सिअस. येत नाही. आमच्याकडं कधी ०.०७५ यायचा, कधी ०.१० च्या वर जायचा, आणि जर्नलमध्ये मात्र सगळ्यांचा बरोब्बर ०.०९. म्हणजे काय झालं ते शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहितीय, पोरं उत्तरावरून मागं गणित करून रीडिंग लिहितात.

मला याचंच जास्त वाईट वाटायचं. उत्तर चुकलं तर चुकू दे, पण थर्मामीटरनं जे दाखवलं ते खोडून पुस्तकातलं लिहायचं हे लॅबमध्ये शिकवलं जात असेल तर मग लॅब कशाला पाहिजे.

तर झालं असं की गेल्या एप्रिलात नववीतून दहावीत जाणाऱ्यांचे जादा तास चालू होते, सकाळची शाळा. पहिल्या तासाला एक बॅच आणि साडेदहाला दुसरी. मी दोन्ही बॅचला बजावलं होतं की आकडा कसाही येऊ दे, खाडाखोड करायची नाही. पहिल्या बॅचच्या पाचही गटांचं उत्तर ०.१० च्या आसपास आलं आणि दुसऱ्या बॅचच्या पाचही गटांचं ०.०८ च्या आसपास. जिन्यात पोरांची जुंपली, "काय बे, तुमचं ०.१० कसं आलं, आमच्या सगळ्यांचं ०.०८ आलंय की", "तुम्हीच चुकलाव", आणि सगळे माझ्याकडं. ठोकळे तेच, तराजू तोच, कॅलरीमीटर तेच, शिकवणारी पण मीच. चूक एखाद्याची असती तर एकाचं उत्तर वेगळं आलं असतं, इथं तर अख्खी बॅच एका बाजूला सरकली होती.

उत्तर लॅबमधल्या मामांनी दिलं. ते बीकर धुत होते, तिथूनच म्हणाले, "मॅडम, सकाळच्यांनी माठातलं पाणी घेतलं होतं. नंतरच्यांना माठ पुरला नाही, मग नळाचं घेतलं."

माठातलं पाणी तेव्हा २३ अंश होतं, खोली ३३. नळाचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतनं येतं, साडेदहा वाजता ते ३७ होतं आणि खोली तोवर ३५ ला गेली होती. आता बघा, पहिल्या बॅचचा सगळा प्रयोग २३ पासून ३२ पर्यंत झाला, म्हणजे अथपासून इतिपर्यंत पाणी खोलीपेक्षा थंड, त्यामुळं ठोकळ्याबरोबर खोलीसुद्धा पाणी तापवत होती आणि आपण ती सगळी उष्णता ठोकळ्याच्या नावावर जमा केली, उत्तर वाढलं. दुसऱ्या बॅचचा प्रयोग ३७ पासून ४३ पर्यंत, पाणी सगळा वेळ खोलीपेक्षा गरम, पाणी खोलीला उष्णता देत बसलं, थर्मामीटर कमी चढला, उत्तर घटलं. गरम वस्तूनं गमावलेली उष्णता बरोबर थंड वस्तूनं मिळवलेली उष्णता हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ते खरं व्हायला बाहेरच्या वातावरणाशी देवाणघेवाण होता कामा नये, ही अट कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्या समीकरणात दोघंच असतात, ठोकळा आणि पाणी. प्रत्यक्षात बाकीपण बरेच वाटेकरी असतात आणि त्यातली सगळ्यात मोठी वाटेकरी म्हणजे खोली, आणि सोलापूरची खोली मार्चनंतर काय असते ते सांगायला नको.

तेव्हापासून मी एकच नियम केलाय, उत्तर आलं की "चुकलं" म्हणायचं नाही, आधी बघायचं की ते जास्त आलंय की कमी आलंय. कारण यातली प्रत्येक गळती उत्तराला एकाच ठराविक बाजूला ढकलते, त्यामुळं दिशा कळली की निम्मे संशयित तिथंच गळतात. खाली मी ज्या क्रमानं तपासते त्या क्रमानं लिहिते.

सगळ्यात आधी ठोकळा बाजूला ठेवा आणि नुसतं पाण्यात पाणी मिसळून बघा, आठवीच्या पोरांना पण जमतं. १०० मिली ६० अंशाचं आणि १०० मिली ३० अंशाचं. सगळे सांगतात ४५ येणार. आमच्याकडं ४२.५ आलं. अडीच अंश गेले कुठं? पोरं म्हणाली हवेत गेले, आणि ते थोडं खरं पण आहे, पण मोठे चोर दुसरेच निघाले. एक म्हणजे बीकर. थंड पाणी ज्या काचेच्या बीकरमध्ये होतं तो वजन केला तर ९८ ग्रॅम भरला, काचेची विशिष्ट उष्माधारकता ०.२ धरली तर तो बीकर उष्णता घेण्याच्या बाबतीत जवळपास २० ग्रॅम पाण्यासारखा वागणार. म्हणजे थंड बाजूला १०० नाही १२० ग्रॅम पाणी आहे असं धरा, मग उत्तर ४५ नाही तर ४३.६ येतं. दुसरा चोर मला स्वतःला बरीच वर्षं दिसला नव्हता, मेजरिंग सिलिंडर. पोरं बर्नरवरच्या भांड्यात थर्मामीटर घालून ६० वाचतात, मग ते पाणी मोजायला जाडजूड थंड काचेच्या सिलिंडरमध्ये ओततात, मग तिथनं बीकरमध्ये. सिलिंडरमध्ये ओतल्यावर परत थर्मामीटर घातला तर ५७.५ दाखवला! म्हणजे मिसळायच्या आधीच अडीच अंश सिलिंडरनं खाल्ले होते आणि आपण कागदावर ६० च लिहीत होतो. ५७.५ आणि बीकरचे २० ग्रॅम घेऊन गणित केलं की ४२.५ च येतं. पोरांनी ते गणित फळ्यावर केलं तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला अजून आठवते, कारण पहिल्यांदाच "चुकलेल्या" आकड्याचा पै न् पैचा हिशेब लागला होता.

त्यामुळं उपाय सोपा, गरम पाणी मोजून मग तापवा, तापवून मग मोजू नका. किंवा वजनकाट्यावर थेट भांड्यातच वजन घ्या. आणि तापमान ओतायच्या आधीच्या क्षणाला वाचा, दोन मिनिटं आधीचं चालत नाही.

आता थर्मामीटर. इथं सोलापूरची म्हणून एक खास भानगड आहे. दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतंच, "मॅडम, ह्यो थर्मामीटर बाद झालाय, पाणी खळाखळा उकळतंय पण ९८ च्या पुढं जाईना." आमच्या कपाटात असे चार थर्मामीटर "खराब" अशी चिठ्ठी लावून ठेवलेले होते आणि चारही चांगले होते. पाणी १०० अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, तिनशे मीटर वर गेलं की उत्कलनांक साधारण एक अंश उतरतो, म्हणजे आपल्याकडं पाणी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळायला पाहिजे. मुंबईचा पोरगा १०० लिहील, महाबळेश्वरचा साडेपंचाण्णव लिहील, दोघंही बरोबर. उलट सोलापुरात ज्या थर्मामीटरनं १०० दाखवलं त्याच्यावर मी आता संशय घेते. पोरं न बघताच ठोकळ्याचं सुरुवातीचं तापमान १०० लिहून टाकतात, त्यानं उत्तर दोन अडीच टक्क्यांनी कमी येतं. फार नाही, पण फुकट गेलेले दोन टक्के.

खालचं टोक तपासायला बर्फ लागतो. बर्फाच्या गाडीवरचा फोडलेला बर्फ चालतो, फक्त फ्रीजमधनं काढल्या काढल्या घेऊ नका, तो शून्याच्या खाली असतो. थोडा वितळू द्या, पाण्यात बर्फाचा लगदा झाला की थर्मामीटरचा फुगा त्यात पूर्ण बुडवा आणि तीन मिनिटं थांबा. शून्य दाखवलं तर ठीक, एक दाखवलं तर त्या थर्मामीटरवर "एक अंश जास्त दाखवतो" अशी पट्टी चिकटवा, फेकू नका. लाल स्पिरिटच्या थर्मामीटरमध्ये द्रवाची रेघ मधे तुटलेली असते ते पण बघा, तुटलेली असेल तर रीडिंग भलतंच येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचं आधीचं आणि नंतरचं तापमान एकाच थर्मामीटरनं घ्या. आपल्याला फरक पाहिजे असतो, थर्मामीटर नेहमीच एक अंश जास्त दाखवत असेल तर वजाबाकीत तो एक अंश उडून जातो. दोन वेगळे वापरले की तो अंश उत्तरात येऊन बसतो, आणि सात अंशाच्या फरकात एक अंश म्हणजे चौदा टक्के.

सात अंश का म्हणते, तर हे आमचं नेहमीचं माप: पितळेचा ठोकळा २०० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम, तांब्याचं कॅलरीमीटर ढवळणीसकट ६० ग्रॅम. पाणी ३० ला असेल आणि काहीच गळालं नाही तर तापमान ३७.१ ला जाऊन थांबायला पाहिजे. एवढ्याशा चढावर सगळा खेळ आहे. म्हणून पाणी उगाच भरभरून घेऊ नका, पोरांना वाटतं कॅलरीमीटर काठोकाठ भरायचं असतं. ठोकळा पूर्ण बुडला की बास. पाणी जास्त तर चढ कमी, चढ कमी तर वाचण्यातली अर्ध्या अंशाची चूक डोक्यावर बसते.

याच मापावर मी एकेक चूक मुद्दाम घालून उत्तर किती हलतं ते काढून ठेवलंय. कॅलरीमीटरचा वाटा धरला नाही, म्हणजे ६० गुणिले ०.०९५, साधारण ५.७ ग्रॅम पाण्याइतका, तर उत्तर ०.०९ ऐवजी ०.०८७. फक्त ९८.५ च्या जागी १०० लिहिलं तर ०.०८८. फक्त शेवटचं तापमान अर्धा अंश कमी वाचलं तर ०.०८३. आणि तिन्ही एकदम केलं तर ०.०७८. बघा, एकेक चूक किरकोळ वाटते, पण तिन्ही एकाच दिशेला ओढतात म्हणून बेरीज होत जाते. कमी येणाऱ्या उत्तराचं कोडं आमच्याकडं बहुतेक वेळा याच तिघांत सुटलंय. त्यात ठोकळा नीट तापलेला नसणं हे पण धरा, उकळत्या पाण्यात तो निदान दहा मिनिटं पाहिजे आणि भांड्याच्या तळाला टेकता कामा नये, लटकत पाहिजे. आणि उकळत्या भांड्यापासनं कॅलरीमीटर किती लांब आहे? आमच्याकडं बर्नर एका टेबलावर आणि कॅलरीमीटर दुसऱ्या टेबलावर होतं, पोरं वाफाळता ठोकळा हातात धरून वर्ग ओलांडायची. आता शेजारी ठेवतो, मधे पुठ्ठ्याचा आडोसा, नाहीतर बर्नरची धग कॅलरीमीटरला लागते.

उत्तर जास्त येत असेल तर मात्र वेगळीकडं बघायचं. पहिला संशय ओल्या ठोकळ्यावर घ्या. उकळत्या पाण्यातनं काढलेल्या ठोकळ्याबरोबर थेंब येतात, शिवाय सुती दोऱ्यानं बांधला असेल तर तो दोरा चांगला भिजलेला असतो. दोन ग्रॅम पाणी सहज येतं. आता पोरांना वाटतं दोन ग्रॅमनं काय होतंय, ठोकळा दोनशे ग्रॅमचा आहे. पण पाण्याची विशिष्ट उष्माधारकता पितळेच्या अकरा पट, २०० ग्रॅम पितळ म्हणजे उष्णतेच्या हिशेबात फक्त १८ ग्रॅम पाणी, त्यात हे २ ग्रॅम आले की सरळ दहा अकरा टक्के वाढले आणि उत्तर ०.१०. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं १७६० च्या सुमारास ग्लासगोत नेमकं हेच मांडलं होतं की उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सारख्याच तापमानाला असलेल्या वेगवेगळ्या पदार्थांत सारखी उष्णता मावत नाही. थेंब आणि ठोकळा दोघंही ९८.५ ला, पण थेंब वजनाच्या मानानं अकरा पट माल घेऊन येतो. उपाय म्हणजे सुती दोऱ्याऐवजी तंगूस (नायलॉनचा धागा) वापरा, ती पाणी पीत नाही, आणि ठोकळा उचलल्यावर एक हलका झटका द्या. फडक्यानं पुसत बसू नका, पुसेपर्यंत ठोकळाच निवतो. शंका असेल तर प्रयोग झाल्यावर कॅलरीमीटरचं वजन परत करा, ठोकळा काढून पाणी किती वाढलं ते कळतं.

मग राहिली खोली. इथं थोडी सविस्तर सांगते कारण सोलापुरात खरा मार हाच आहे.

खोलीपासून बचावाचे दोन मार्ग, एक म्हणजे भिंत घालायची आणि दुसरा म्हणजे जमाखर्च बरोबरीत आणायचा. भिंत घालायचा विचार फार जुना आहे, लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बर्फाचं कॅलरीमीटर वापरलं, त्यात आतल्या बर्फाभोवती बाहेरून आणखी एक बर्फाचा थर होता, खोलीकडनं येणारी उष्णता त्या बाहेरच्या थरानं खायची आणि आतल्या बर्फापर्यंत पोचू द्यायची नाही. आपल्या लाकडी पेटीतल्या कॅलरीमीटरभोवती लोकर किंवा कापूस असतो तो त्याच कामाला. आमच्या पेट्या उघडल्या तर आत काहीच नाही, कापूस कधीचा उंदरांनी नेलेला, म्हणजे इतकी वर्षं कॅलरीमीटर रिकाम्या पेटीत नुसतं टांगलेलं होतं. थर्माकोलच्या कपात प्रयोग करा असं सगळीकडं सांगतात, पण २०१८ पासून राज्यात तसल्या कप-ताटांवर बंदी आहे. मग एका मुलीनं सांगितलं की तिचे पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, तिथं कापलेल्या कडा आणि सुताचा गुंता पोत्यानं पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून घेऊन आली. टॉवेलच्या त्या आकड्या आकड्यांच्या विणीत हवा अडकून राहते आणि अडकलेल्या हवेतनं उष्णता फार हळू जाते, चादर अंगावर घेतल्यावर ऊब राहते ती याच कारणानं. पाचही पेट्या आम्ही त्यानं भरल्या. फक्त दाबून दाबून कोंबू नका, सैल भरा, आणि कोरडं पाहिजे, ओलं झालं की उलटाच परिणाम.

ओल्यावरनं आठवलं, कॅलरीमीटर बाहेरून पुसून कोरडं करा. कोरड्या उन्हाळी हवेत त्याच्या बाहेरचं पाणी उडत राहतं आणि आतलं पाणी गार करत राहतं, म्हणजे तुमचं कॅलरीमीटर माठासारखं वागायला लागतं. झाकण पण याचसाठी, गरम पाण्याच्या वरच्या तोंडातनं वाफ होऊन जी उष्णता जाते ती कडेच्या पत्र्यातनं जाणाऱ्यापेक्षा कमी नसते. झाकण हरवलं असेल तर पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा. आणि पंखा बंद. घामाच्या धारा लागतात, मला माहितीय, पण दहा मिनिटं बंद. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलरीमीटर किती भराभर निवतं ते एकदा चालू आणि एकदा बंद करून पोरांनाच मोजायला लावा, मग ती स्वतःहून बटण बंद करतात.

जमाखर्च बरोबरीत आणायची युक्ती काउंट रमफर्डच्या नावानं ओळखली जाते. पाणी सुरुवातीला खोलीपेक्षा जेवढं थंड, शेवटी खोलीपेक्षा तेवढंच गरम, अशी सोय करायची. पहिल्या अर्ध्या भागात खोली पाण्याला देते, दुसऱ्या अर्ध्यात पाणी खोलीला परत करतं. आमच्या मापात चढ सात अंशाचा, म्हणजे साडेतीन अंश खाली सुरुवात करायची. पण इथं एक बारकावा आहे, तापमान सुरुवातीला झपकन चढतं आणि वर जाऊन रेंगाळतं, त्यामुळं पाणी खोलीपेक्षा गरम असतं तो वेळ जास्त असतो. म्हणून मी साडेतीनऐवजी चार-साडेचार अंश खाली घेते. खोली ३३ असेल तर पाणी साडेअठ्ठावीस. हे पाणी बनवायला माठ आणि नळ दोन्ही लागतात, माठाचं नुसतं घेतलं तर सकाळच्या बॅचसारखं होतं आणि नळाचं नुसतं घेतलं तर दुसऱ्या बॅचसारखं. मामा आता प्रॅक्टिकलच्या दिवशी एक माठ लॅबसाठी वेगळा भरून ठेवतात, पोरांनी त्यातलं प्यायचं नाही. पावसाळ्यात मात्र जपून, हवा दमट असली आणि पाणी फार गार घेतलं की कॅलरीमीटरच्या बाहेर दव धरतं, आणि दव धरताना उष्णता सोडतं, उत्तर परत वाढतं. बाहेर ओलसर दिसलं की पाणी थोडं कोमट करा.

आता शेवटचं तापमान नेमकं कधी वाचायचं. पोरं ठोकळा टाकतात, दोनदा ढवळतात आणि वाचतात. काही जण विसरतात आणि पाच मिनिटांनी वाचतात. दोन्ही चूक. दर अर्ध्या मिनिटाला वाचून लिहीत जा, ढवळणं चालू ठेवून, आणि सगळ्यात वरचा आकडा आल्यावर थांबू नका, पुढं अजून पाच मिनिटं लिहा. आलेखावर बिंदू मांडले की दिसतं, तापमान चढतं, माथ्यावर येतं आणि मग हळूहळू सरळ रेषेत उतरायला लागतं. ती उतरती रेषा म्हणजे खोलीचा वाटा, उघड्यावर. तीच रेषा पट्टीनं मागं ताणायची, चढ साधारण निम्मा झाला होता त्या वेळेपर्यंत, आणि तिथं जे तापमान येतं ते धरायचं. आमच्या एका गटाचा माथा ३६.६ होता आणि नंतर मिनिटाला ०.२ अंश उतरत होतं, माथा दोन मिनिटांनी आला होता, दीड मिनिट मागं ताणल्यावर ३६.९ मिळालं. ०.०८३ चं ०.०८७ झालं, आणि त्यात खोटं काहीच नाही.

थर्मामीटरचा फुगा ठोकळ्याला टेकलेला नसावा, तळाला पण नाही, आणि डोळा रेघेच्या समोर पाहिजे. हे सगळ्यांना माहिती असतं, करतात थोडे.

एका पोराचा प्रश्न इथंच सांगते कारण त्यानं मला पण विचारात पाडलं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की एकाच खोलीत लोखंड हाताला लाकडापेक्षा गार लागतं, दोघांचं तापमान सारखं असलं तरी. तो म्हणाला, मॅडम, आत्ता स्टुलाचं लोखंड मला गरम लागतंय, लाकूड नाही, मग औष्णिक संतुलन झालं नाही का? खोली तेव्हा ३८ ला होती. हाताची कातडी साधारण ३३-३४ ला असते. लोखंड आणि लाकूड दोन्ही ३८ लाच, संतुलनातच, पण लोखंड उष्णता भराभर पोचवतं, हात गरम असेल तर हातातनं भराभर काढून घेतं म्हणून गार लागतं, आणि हातच खोलीपेक्षा थंड असेल तर भराभर हातात घालतं म्हणून गरम लागतं. थर्मामीटर दोन्हीला टेकवून कापडानं झाकून ठेवला, दोन्हीकडं ३८. संतुलनाच्या बाहेर एकटा आपला हात होता. पुस्तकातलं वाक्य थंड खोलीसाठी खरं आहे, एप्रिलच्या सोलापूरसाठी ते उलटं करून शिकवावं लागतं.

जर्नलबद्दल. एक अंशाच्या थर्मामीटरनं जास्तीत जास्त अर्धा अंश अंदाजानं वाचता येतो. दोन रीडिंगमध्ये अर्धा-अर्धा अंश इकडचा तिकडं झाला आणि चढ सात अंशाचा, म्हणजे चौदा टक्क्यांपर्यंत तर थर्मामीटरनंच घेतले. मग ०.०८३ किंवा ०.०९६ ही चुकीची उत्तरं नाहीतच, या सामानातनं यायला पाहिजेत तशीच आहेत, आणि ०.०९०० असं चार घरांपर्यंत लिहिलेलं उत्तर बघितलं की मी त्या मुलाला शेजारी बसवून रीडिंग कुठनं आणलं ते विचारते. मार्क मी आता असे देते: खोलीचं तापमान लिहिलंय का, सुरुवातीचं पाणी खोलीपेक्षा वर होतं की खाली ते लिहिलंय का, उत्तर ज्या बाजूला गेलं त्याचं कारण दिलंय का. जानेवारीतली आमची सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की प्रॅक्टिकल परीक्षेची घाई सुरू होते आणि तेव्हा हे सगळं करायला वेळ नसतो, म्हणून मी हा प्रयोग दिवाळीच्या आधीच उरकून घेते.

यावर्षी टॉवेलच्या चिंध्या, तंगूस, झाकण आणि माठ-नळाचं पाणी एवढं झाल्यावर दहा गटांपैकी आठ गट ०.०८५ ते ०.०९५ च्या मधे आले. एक गट ०.१०३ वर होता, त्यांनी सवयीनं सुती दोराच बांधला होता, ते त्यांनीच ओळखलं. उरलेला एक गट ०.०७९ वर अडकलाय. त्यांचं सगळं तपासलं, थर्मामीटर बर्फात शून्य दाखवतो, उकळत्या पाण्यात ९८.५, पेटी भरलेली, झाकण आहे. माझा संशय त्यांच्या ठोकळ्यावर आहे, हुकाजवळ पितळेचा रंग उडालाय आणि आत काळपट काहीतरी दिसतंय, शिसं भरलेलं असेल तर आकडा खाली येणारच, शिशाचा ०.०३१ च असतो. सोमवारी तो ठोकळा पाण्यात बुडवून त्याची घनता काढायला सांगितलीय, नुसतं पितळ असेल तर साडेआठ ग्रॅम दर घन सेंटिमीटरच्या आसपास यायला पाहिजे.